शिक्षिकेच्या बॉन्डमधले कलम अकरा

मी अजून वकील नाही. लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. मी कायद्याबद्दल लिहिणे हा आगाऊपणाच, तो माफ करावा. पण ज्या बॉन्डची ही गोष्ट आहे, तो मीच टाइप केला होता.

घनसावंगीत मी एका वकीलसाहेबांकडे काम करतो. एका सकाळी एका खासगी शाळेचे अध्यक्ष आले आणि त्यांच्या एका शिक्षिकेचा बॉन्ड, म्हणजे नोकरीचा करार, माझ्यापुढे टाकला.

"नसरीन मॅडमचा राजीनामा मंजूर केल्याचं लेटर काढ. जल्दी."

"मॅडमनी राजीनामा दिला?"

"दिला न्हाई, झाला. कलम अकरा वाच."

वाचायची गरज नव्हती. तीन वर्षे प्रसूती रजा मागणार नाही, मागितल्यास तोच राजीनामा समजावा, आणि त्याविरुद्ध कोणत्याही कोर्टात जाणार नाही. मॅडमना सातवा महिना होता. त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि संस्थेने तो राजीनामा म्हणून वाचला. त्यांचे घर त्या नोकरीवरच चालत होते.

मी चाचरत म्हणालो, "साहेब, हे कलम चालत नाही."

"शंभरच्या स्टॅम्पवर हाय. नोटरीचा शिक्का हाय. तिची सही हाय. आनखी काय पायजे, तुझी परवानगी?"

स्टॅम्प पेपरवर आपल्याकडे फार श्रद्धा. त्यावर सूर्य पश्चिमेला उगवेल असे लिहून नोटरी केले, तर काही लोक पहाटे पश्चिमेला तोंड करून बसतील. कायदा मात्र साधा आहे. काही हक्क तो माणसाला देतो, पण ते सही करून सोडायची मुभा देत नाही. कारण नोकरीला अडलेला माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतोच. बाळंतपणाची रजा हा तसलाच हक्क. आणि कोर्टात जायचीच बंदी घालणारे कलम तर मुळातच रद्द.

हे मला परीक्षेत येते. अध्यक्षांपुढे तोंडातून निघेना. म्हणून मी कलम चौदावर बोट ठेवले. हा बॉन्ड मी एका जुन्या भाडेकरारावरून केला होता. 'भाडेकरू' काढून 'शिक्षिका' टाकले, आणि पुढचे तपासायचे राहून गेले. "मुदत संपताच शिक्षिकेने वीजबिल भरून, भिंतींना रंग देऊन किल्ली ताब्यात द्यावी."

अध्यक्षांनी दोनदा वाचले. "हे कुणी लिवलं?"

"मी. पण खाली सही तुमची आहे."

तेवढ्यात वकीलसाहेब आले. अध्यक्ष उसळले, "तुमचा हा ज्युनियर म्हणून राह्यला, कलम अकरा चालत न्हाई!"

"नाहीच चालत," साहेब पंखा लावत म्हणाले. "मॅडमना नोकरीवरून काढलं तर त्या केस करतील, अन् तुम्ही हराल."

"मंग माझ्याकडून पैसे कशाचे घेतले?"

"टायपिंगचे."

अध्यक्षांनी बॉन्ड घडी घालून खिशात कोंबला. मग माझ्याकडून रजा मंजुरीचे पत्र टाइप करून घेऊन, बडबडत गेले. मला हसू आले, आणि लगेच लाज वाटली. साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

"मग आपण ते लिहिलंच का, सर?"

"अरे, असलं कलम कोर्टात टिकायची गरजच नसते. समोरचा घाबरला की त्याचं काम झालं."

मी मॅडमना फोन केला. त्यांना खरेच वाटेना. "पर सर, मी तर बराबर सही केल्ती ना?"

"केल्ती. तरी रजा तुमचीच आहे."

वाचून सही करावी, हे सगळेच सांगतात. सही झाल्यावरही कुणाला तरी विचारावे, हे कुणी सांगत नाही. पुढे मॅडमचे काय झाले, ते कित्येक महिने मला कळले नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

परवा तीर्थपुरीच्या जीपमध्ये त्या शाळेचे शिपाईमामा भेटले. म्हणाले, "नसरीन मॅडमला पोरगी झाली. सोमवारी ड्युटीवर आल्या. अन् बाकीच्या मॅडम लोकं आपापल्या बॉन्डच्या झेरॉक्स काढून राह्यल्या. तुमचं ऑफिस कुठशी हाय, इचारत होत्या."