मन नव्हतं, तरी गेलो

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बुटीबोरीहून कंपनीच्या बसने घरी येत होतो. बेसा जवळ आलं आणि अनोळखी नंबरवरून फोन आला… नागपूरच्या महाल भागातून, माझ्या मोठ्या भावाच्या घरमालकांचा.

"तुमच्या भावाले लकवा मारला होता. दवाखान्यातून सुट्टी झाली, पण आता एकटा कसा राहीन तो? तुम्ही घेऊन जाता का?"

"पाहतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मनात मात्र "नाही" ठरलंसुद्धा होतं.

दादाशी बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो महालातच राहत होता, काही परदेशात नव्हता… तरी आला नाही. आई रोज विचारायची, विजू आला का. तिच्या दफनाला चर्चमधले सगळे होते, दादा नव्हता.

घरी येऊन बायकोला, एस्तेरला, सांगितलं. एखाद्या चांगल्या आश्रमात त्याची सोय लावून देऊ म्हणालो. तिने शांतपणे विचारलं, "प्रभूले विचारलं का तुम्ही?"

"त्यात काय विचारायचं?"

"रोज सकाळी त्याले मालक म्हणता ना… मग विचाराले काय जाते?"

राग आला, कारण ती बरोबर होती. विचारलं तर तो काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं… म्हणूनच तर विचारत नव्हतो.

पुढचे काही दिवस प्रार्थनेला बसलो की बाकी सगळं मागायचो. मुलीची परीक्षा, एस्तेरचे गुडघे, चर्चचं गळकं छप्पर… दादाचं नाव जिभेवर आलं की आमेन म्हणून उठायचो.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. देवाची इच्छा पूर्ण होवो, असं मागायची ओळ आली आणि माझा आवाजच निघेना. बाकीचे पुढे गेले, मी तिथेच अडकलो… बाहेर आल्यावर एस्तेरला म्हणालो, "चल, महालात जाऊन येऊ."

क्षमा वगैरे काही झाली नव्हती. मन तसंच कडू होतं. फक्त काय करायचं ते कळलं होतं, आणि टाळायला सबबी उरल्या नव्हत्या.

गल्ली अरुंद, म्हणून गाडी बाहेरच लावून चालत गेलो. दादा खाटेवर बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं… मला पाहून उजव्या हाताने खाटेची कड धरली. मग अडखळत म्हणाला, "तू मनापासून नाही आला गा."

खोटं बोलता आलं असतं…

"नाही आलो," मी म्हणालो. "पाठवलं म्हणून आलो."

"कोनं? एस्तेरनं?"

"नाही. देवानं."

डोळे भरून आले त्याचे. "मंग चाल," म्हणाला. "त्याले नाही म्हणाची माही बी हिंमत नाही."

आता तो आमच्याकडेच आहे. सोपं नाही… टीव्ही मोठ्याने लावतो, भाजी अळणी लागली की ताट सरकवतो. काही दिवस मनात माया असते, काही दिवस नुसतं आज्ञापालन. एस्तेर म्हणते, देवाले तेबी चालते.

काल सकाळी त्याची दाढी करत होतो. मधेच तो म्हणाला, "आईले तसं पाहवलं नसतं मले. एक डाव गेटपर्यंत आलो होतो गा… तसाच वापस गेलो."

मी कोमट पाण्यात टॉवेल पिळून त्याच्या गालावरचा फेस पुसला, मग परत एकदा पुसला. कंपनीची बस निघून जाईल हे माहीत होतं, तरी घाई करावीशी वाटली नाही.

माझ्या मनासारखं झालं असतं तर हा भाऊ मला कधीच परत मिळाला नसता. प्रभू, तू माझं ऐकलं नाहीस… त्याबद्दल तुझे आभार.