शेवट बाकी: एक

शिफ्टकाकांना कोणी प्रश्न विचारला की आधी ते चार प्रश्न परत विचारत, आणि उत्तर देऊन झाल्यावरही त्या माणसाचा पिच्छा सोडत नसत. पंधरा दिवसांनी, महिन्याने, कधी वर्षाने त्यांची एक ओळ यायचीच: "मग, शेवटी काय झालं?" ते कळल्याशिवाय त्यांच्या लेखी प्रश्न मिटलेला नसे. त्यांचं म्हणणं असं, की सल्ले सगळेच देतात, पण त्या सल्ल्याने काम झालं की नाही हे कोणी लिहीत नाही. आणि मागून येणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

हे सगळं चालायचं 'कानोसा' नावाच्या एका मराठी संकेतस्थळावर. ज्यांच्या मुलांना जन्मापासून कमी ऐकू येतं अशा आईबापांनी प्रश्न विचारावेत, आधीच्यांनी उत्तरं द्यावीत, यासाठी काकांनी ते आपल्या नातीच्या निमित्ताने सुरू केलं होतं. काकांनी कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं टर्बाइन हॉलमध्ये काढली आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. केंद्रातली लॉगबुकची सवय त्यांनी इथेही आणली. रोज सकाळी सहाला, पहिल्या पाळीच्या वेळेला, त्यांची नोंद पडायची: "नवे प्रश्न २. उत्तर बाकी १. शेवट बाकी ४. सर्व नॉर्मल." त्या नोंदीमुळेच आम्ही त्यांना शिफ्टकाका म्हणू लागलो. संकेतस्थळावर ते 'युनिट तीन' या नावाने लिहीत, खरं नाव पुष्कळांना ठाऊकही नव्हतं.

मी तिथे गेले तेव्हा निशांत अडीच वर्षांचा होता. कानाचं मशीन घातलं की पाच मिनिटांत ओढून फेकायचा. एकदा ते वरणात सापडलं, एकदा शेजारच्यांच्या कुत्र्याच्या तोंडात. मी रडकुंडीला येऊन लांबलचक प्रश्न लिहिला. काकांनी सहानुभूतीचा एक शब्द न लिहिता विचारलं: किती वाजता काढतो? कोणत्या खोलीत? त्या वेळी घरात काय काय चालू असतं? मला याद्या करायची सवय आहे, घरी फ्रिजवर आणि ऑफिसात टेबलावर माझी यादी असतेच. आठ दिवस मी वेळा लिहून काढल्या. ती यादी टाकली तशी काकांची एक ओळ आली: "कूलर कुठे आहे?"

कूलर निशांतच्या खेळायच्या खोलीत होता. एप्रिलचा महिना. आपल्याला ती घरघर सवयीची असते, मशीनमधून ती त्याच्या कानात शंभर पटीने ओतली जात होती. काकांनी सांगितलं तसं केलं: कूलर खिडकीच्या बाहेरून बसवला, स्टँडखाली जुन्या टायरचे तुकडे घातले, आणि मशीन घालायचं ते मागच्या खोलीत. तिसऱ्या आठवड्यात निशांतने पहिल्यांदा दाराची बेल ऐकून मान वळवली. मी ते लिहिलं. काकांचं उत्तर आलं, "चांगलं आहे. पण हा शेवट नाही. शेवट झाला की लिहा." तेव्हापासून माझा प्रश्न त्यांच्या 'शेवट बाकी'मध्ये बसून राहिला.

काकांना स्वतःलाच ऐकू येत नाही हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. धरमपेठेतल्या एका शाळेच्या वर्गात आम्ही सगळ्यांनी भेटायचं ठरवलं. यादी अर्थात माझी. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले. जो बोलेल त्याच्याकडे बघून हसत आणि मान डोलावत. लिहिताना इतका नेमका असणारा माणूस तिथे मात्र भलतंच बोलत होता. एका बाईने मुलीला शाळेने घेतलं नाही असं सांगितलं, तर म्हणाले, "वा, छान झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या नोंदीत होतं: "कालच्या भेटीत मी कोणाचं काहीही ऐकलं नाही. टर्बाइनने कान नेले, मशीनचा उपयोग होत नाही. ज्यांनी जे सांगितलं ते कृपया इथे लिहावं. शाळेबद्दल बोलणाऱ्या ताईंची माफी मागतो." त्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं. कित्येकांनी बोलले त्याहून जास्त लिहिलं.

म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत असूनही, निशांत दहावीत असताना, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मी काढला.

कारणं रास्त होती, मी तेव्हा ती लिहूनही काढली होती. कानोसा मोबाइलवर नीट उघडत नसे. नव्या आईबापांना तिथे नाव नोंदवणं जमत नसे. मशीनचे सेल संपले तर त्याच दिवशी उत्तर हवं असे. ग्रुपच्या नियमांत पहिला नियम मी टाकला: फक्त लिहायचं, बोलून पाठवायचं नाही. काकांना मीच घेतलं त्यात. दहा दिवस नियम पाळला गेला. अकराव्या दिवशी कुही गावच्या सुनंदाने चार मिनिटांचा आवाज पाठवला. सुरुवातीलाच ती म्हणाली, "ताई, मले लिवता येत नाही, म्हणून बोलून राहिली. रागावू नका." तिच्या शेजारणीने तिला ग्रुपमध्ये आणलं होतं. तिचा मुलगा पाच वर्षांचा, आणि त्याला ऐकू येत नाही हे घरच्यांना आदल्या वर्षीच कळलं होतं. ती चार मिनिटं मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ऐकली. तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते, की नियम पहिला बघ म्हणून? कानोशावर ती कधीच येऊ शकली नसती.

मग सगळेच बोलू लागले. कडेवर पोर घेतलेल्या आया, गाडी चालवणारे बाप. महिनाभरात ग्रुपवर लिहिलेलं काही उरलं नाही. फक्त आवाजाच्या निळ्या-करड्या रेघांच्या पट्ट्या, एकाखाली एक.

मी काकांकडे गेले. कोराडी रोडला त्यांचं छोटं घर आहे. बोलायचं ते वहीवर लिहून न्यायचं, ते वाचून तोंडी उत्तर देणार, अशी आमची पद्धत होती. मी लिहिलं होतं, की चूक माझी आहे, ग्रुप बंद करते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे पाय वं पोरी. आमच्या कंट्रोल रूममध्ये असाच कागद फिरायचा, रेघा उमटत जायच्या. रेघ पाहून मी सांगत होतो, मशीन कुठं दमून राहिलं." त्यांनी सुनंदाच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे बाई इथं रडली काय? रेघा लहान झाल्या पाय. मंग इथं थांबली. मंग एकदम मोठ्या."

मी ऐकलेलं आठवलं. ती तिथेच रडली होती. मी मान हलवली.

"अन् काय म्हणाली, ते नाही समजत," काका म्हणाले. "बंद नको करू. बोलू दे त्याइले. इतकी वर्सं कोणी विचारलं त्याइले?"

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने तोडगा काढला. रोज जेवणाच्या सुट्टीत सगळे आवाज ऐकायचे, सारांश टाइप करायचा आणि कानोशावर टाकायचा. निशांतने आवाजाचं लिखाण करून देणारं एक अ‍ॅपही टाकून पाहिलं, पण कुहीच्या बोलीपुढे त्याने हात टेकले. काका त्या सारांशांवर उत्तरं लिहीत, मी ती ग्रुपमध्ये वाचून दाखवी. कोणी म्हणे, ताई थोडक्यात सांगा ना. चार महिने मी हे रेटलं. मग ऑफिसात कामाचा डोंगर उभा राहिला. 'काकांचे सारांश' हे काम आजच्या यादीतून उद्याच्या यादीत जाऊ लागलं, आणि एक दिवस नवी यादी करताना मी ते उतरवलंच नाही. काकांनी एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या कोणासाठीचं काम असतं तर त्यांनी विचारलं असतं.

पुढची दोन वर्षं मी अधूनमधून कानोसा उघडून बघे. सकाळी सहाची नोंद चुकलेली नसे. "नवे प्रश्न ०. उत्तर बाकी ०. शेवट बाकी १. सर्व नॉर्मल." खाली लिहिलेलं असे, सध्या हजर सदस्य: एक. मी आत गेले की त्याचे दोन होत. तो बाकी राहिलेला एक माझाच होता. बाकी सगळ्यांकडून त्यांनी शेवट लिहून घेतला होता. मला तो लिहिणं कठीण नव्हतं, पण तेवढं एक बाकी आहे तोवर काका सकाळी उठून येतील असं मला वाटे. आळसाला मी हे छान नाव दिलं होतं की खरंच तसं होतं, ते आता ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी काकांच्या मुलीने त्यांना भंडाऱ्याला न्यायचं ठरवलं. कानोशाची सर्व्हरवरची जागा ज्यांच्याकडे होती त्यांनीही जुनं काही ठेवणार नाही असं कळवलं. मला काकांचा निरोप आला, लिहिलेला, पूर्णविरामासकट: "पाळीचा चार्ज देताना बाकी ठेवता येत नाही. तुमचा शेवट लिहा."

मी लिहिलं. "निशांत आता कॉलेजात आहे. मशीन स्वतः घालतो, स्वतः साफ करतो. उन्हाळ्यात अभ्यासाला बसला की कूलरसमोरच बसतो आणि मशीन काढून ठेवतो. म्हणतो, शांत वाटतं. जेवायला यायच्या आधी परत घालतो."

सकाळी सहाला नोंद पडली. "कूलरचा शेवट वाचून हसलो. शेवट बाकी ०. सर्व नॉर्मल. चार्ज देणार: युनिट तीन. चार्ज घेणार:" त्यापुढे जागा रिकामी होती. त्या जागेत मी माझं नाव टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं आणि पाठवलं. कशाचा चार्ज घेतला हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशी पान उघडेना.

निशांतने सगळी पानं आधीच उतरवून घेतली होती. पेनड्राइव्हवर लेबल लावून तो कपाटात ठेवला आहे. ग्रुपमध्ये दोनदा सांगितलं, कोणाला काही जुनं हवं असेल तर विचारा. अजून कोणी विचारलेलं नाही. काका भंडाऱ्याला ठीक आहेत. मेसेज केला की उत्तर येतं. पण सांगायला त्यांच्याकडे मुलीच्या घरचा जिना आणि डोळ्यांत घालायचे थेंब एवढंच असतं, आणि माझ्याकडेही त्यांना विचारण्यासारखं फार नसतं.

सकाळी सहाला मी आता ग्रुप उघडते. आवाज ऐकण्याआधी पट्टी बघते. रेघा कुठे लहान झाल्या, कुठे थांबल्या. कधी अंदाज बरोबर निघतो. गेल्या महिन्यात सुनंदाने विचारलं होतं, मुलगा शाळेत मशीन काढून दप्तरात ठेवतो, काय करू? तिला तीस जणांनी उत्तरं दिली, सगळी बोलून, एकमेकांवर. काल मी तिला बोलूनच विचारलं, "मग, शेवटी काय झालं?"

त्यावर पाच अंगठे आले. त्यातला एकही सुनंदाचा नव्हता.

आज यादीत लिहिलं आहे: शेवट बाकी १. पुढे 'सर्व नॉर्मल' लिहायला हात होत नाही.