दादाला दिलेलं उत्तर

पुण्याच्या प्रयोगशाळेतलं माझं काम सांगायला सोपं आहे. मोठ्या आतड्याच्या पेशींवर कॅन्सर करणारी रसायनं घालायची आणि त्या पेशींच्या दोनाच्या चार होताना एखादं गुणसूत्र हरवतं का, ते बघत बसायचं. शेहेचाळीसच्या जागी पंचेचाळीस दिसली की आम्ही खूश. त्या खुशीची आता मला चीड येते.

कर्जतला डाळिंबाची बाग करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला तोच कॅन्सर झाला. रक्त पडायचं, ते मूळव्याध म्हणून त्यानं अंगावर काढलं. कळलं तेव्हा यकृतही धरलं होतं.

"तुझ्या मशिनीत समदं दिसतं ना? मग सांग की, फवारणीनंच झालं ना ह्ये?" दादा विचारायचा.

मी म्हणायचे, एका माणसाच्या गाठीवरून तसं छातीठोक सांगता येत नाही रे. गुणसूत्र गेलेलं दिसतं, कशानं गेलं ते दिसत नाही. तो हसायचा. "एवढी शिकून बी न्हाईच का!"

एकदा वहिनी चहा ठेवायला आत गेली, तसं त्यानं माझं मनगट धरलं. "मी नुसता पंप मारायचो. औषध हातानं कालवायची ती. तिला बी व्हईल का गं?"

इतके दिवस मला वाटत होतं, तो स्वतःबद्दल विचारतोय. मला रडूच फुटलं. बघून सांगते, म्हणाले. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच, आणि दादा गेला.

दहाव्याला सीना नदीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की तो शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. काकांनी हात जोडून दादाच्या पोरांना शिकवायचा शब्द दिला. आईनं बाग मोडणार नाही म्हणून सांगितलं. कावळे बाभळीवर ढिम्म. ऊन चढलं, तशी आई मला म्हणाली, "तुझ्यावर लई जीव हुता त्याचा. तू बोल."

माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी मी पुढं झाले आणि जे मला कुणीच सिद्ध करून देणार नाही, ते मोठ्यानं बोलले. "दादा, वहिनीला काय व्हनार न्हाई."

कावळा उतरला, भाताला चोच लावून उडाला. सगळे हुश्श करून उठले. वहिनी तेवढी जागची हलली नाही. माझ्याकडे बघत तिनं हळूच विचारलं, "मला काय व्हनार हुतं, ताई?"