बर्फाच्या गावातला फणस

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी किती आगाऊ बाई होते, हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. मीच पुरेशी आहे. दुबईत ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवून नुकतीच मोकळी झाले होते आणि शारजात, अल नहदाला, मुलाकडे राहायला आले होते. केस काळेभोर, म्हणजे दर तिसऱ्या शुक्रवारी केलेले. चष्म्याला साखळी. पर्समध्ये दोन लाल पेनं, आणि तपासायला वही एकही नाही. मग वर्तमानपत्रातल्या चुकांवर गोल करून नातीला दाखवायचे. ती तेव्हा अकरा वर्षांची. "आजी, नोबडी केअर्स," म्हणून पुन्हा टॅबमध्ये डोकं.

अशा बाईच्या तावडीत ती चिनी शेजारीण सापडली.

लिफ्टमध्ये भेटली. हातात घडी घातलेला कागद, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं, जप करतेय. कान दिला तर इंग्रजी. नवव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत गप्प राहणं काही अवघड नव्हतं. पण पाचव्या मजल्यावर मी तिचा उच्चार सुधारला आणि तिसऱ्यावर दुसरा. तिनं डोळे उघडून विचारलं, "यू टीचर?" मी पदर सारखा करून म्हटलं, "ट्वेंटी सिक्स इयर्स." तिनं चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. झालं! सव्वीस वर्षांत मला कोणी असा वाकून नमस्कार केला नव्हता.

ती नर्स होती. वय पस्तीस-छत्तीस. चीनच्या पार उत्तरेकडच्या गावची, जिथं नदी पाच-पाच महिने गोठलेली असते आणि तिच्यावरून ट्रक जातात. इथं दातांच्या एका दवाखान्यात कामाला. डॉक्टर चिनी, पेशंट चिनी, खोलीतल्या बाकीच्या तिघीही चिनी, त्यामुळे सहा वर्षं इथं काढूनही इंग्रजी विमानतळावर उतरली तेव्हा होतं तितकंच. नवऱ्यापासून वेगळी झालेली. आठ वर्षांची मुलगी सासूकडे. म्हणजे त्या पोरीनं आई पाहिली ती जास्त करून फोनमध्येच.

आता दुसऱ्या एका देशातल्या इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती आणि तिथं मुलीला सोबत नेता येणार होतं. अट एकच. इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात, आणि तेही चारही भागांत. वाचणं, लिहिणं, ऐकणं तिनं रेटून काढलं होतं. बोलण्यात दोनदा सहा. इकडे दवाखान्याचा मालक ईदनंतर दवाखाना बंद करणार होता, की हिचा व्हिसा खलास. आणि तिकडे सासूनं निरोप धाडला होता, या वर्षी नेणार असशील तर ने, नाहीतर पोरगी आमची, पुन्हा विचारू नकोस. परीक्षेला एकदाच बसता येणार होतं. हातात सात आठवडे.

"आई, तुम्हाला जमेल का हे?" सूनबाईनं विचारलं. "ही परीक्षा वेगळी असते म्हणे."

"परीक्षा परीक्षेसारखी असते," मी म्हटलं. "दहावीच्या मुलांना पार केलंय मी. ही तर शहाणी बाई आहे."

आम्ही बोलायचो ते इंग्रजीत. इथं मी ते मराठीत सांगतेय आणि तिच्या चुका वगळतेय. तेव्हा एकही वगळत नव्हते.

पहिल्याच दिवशी तिनं फोन उघडून दाखवला. परीक्षा देऊन आलेले चिनी लोक त्यांच्या ग्रुपवर आपल्याला पडलेले प्रश्न टाकत. कोणीतरी त्यांची यादी करत असे, आणि हजारो लोक त्या प्रश्नांची उत्तरं पाठ करत. तुमच्या आवडीची जागा. हरवलेली वस्तू. तुमच्यावर प्रभाव पाडणारी वडीलधारी व्यक्ती. माझे डोळेच भरून आले. हे तर आपले अपेक्षित प्रश्नसंच! इतक्या लांबच्या देशात आपल्यासारखीच माणसं राहतात, याचा मला केवढा आनंद झाला! आम्हा दोघींना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती. पाठ कर. आणि त्या दिवशी एका आंधळीनं दुसरीचा हात धरला.

मी उत्तरं लिहून द्यायची, तिनं पाठ करायची. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी एक तास, शुक्रवारी सुट्टी म्हणून तीन तास. मी मेथी निवडत बसायची, ती समोर हात मांडीवर ठेवून घडाघडा म्हणायची. अडली की पुन्हा पहिल्यापासून. पाठांतर असं की मी थक्क. रोज पहाटे चारला उठून गच्चीच्या जिन्यात बसते, असं वॉचमन सांगायचा. "अम्मा, वो मॅडम पागल हो जाएगी." मी म्हणायची, "पास हो जाएगी."

एका शुक्रवारी वडीलधाऱ्या व्यक्तीचा प्रश्न काढला. मी म्हटलं, आधी तू बोल, मग मी सुधारते. ती त्या दिवशी मला कोबी चिरून देत होती. सुरी चालूच ठेवून बोलायला लागली.

वडिलांविषयी. ते ट्रक चालवायचे. हिवाळ्यात नदीच्या बर्फावरून पलीकडच्या गावांना कोबी आणि कोळसा पोचवायचे. तिकडे थंडी सुरू व्हायच्या आधी घरोघर शंभर-शंभर कोबी भरून ठेवतात, म्हणाली. ती नर्सिंगच्या वसतिगृहात होती. सुट्टी लागली की वडील न्यायला यायचे. त्या वर्षी थंडी लवकर ओसरली. लोक म्हणाले, पुलावरून जा. पूल लांब, चार तासांचा वळसा. वडील म्हणाले, पोरगी फाटकाशी उभी असेल. ती उभी होतीच. दुपारपासून अंधार पडेपर्यंत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात त्यांच्यासाठी घेतलेली भाजलेली रताळी. रताळी गार झाली म्हणून कोटाच्या आत धरली. मग शेजारच्या गावचा एक माणूस आला. त्याला पाहूनच कळलं, म्हणाली. त्यानं फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली.

तिचं इंग्रजी लंगडंच होतं. पण मला ते फाटक दिसलं, तो कोट दिसला. ती एकदाही अडखळली नव्हती. शब्द नसेल तिथं हातानं दाखवत होती, आणि कोबी सगळा चिरून झाला होता.

आणि मी काय केलं? घड्याळ पाहिलं.

"सहा मिनिटं झाली," मी म्हटलं. "परीक्षेत दोनच मिळतात. आणि हे असलं दुःखाचं काही सांगायचं नाही. परीक्षक सकाळपासून बसून कंटाळलेला असतो. त्याला प्रसन्न करायचं."

तेव्हाची ती आगाऊ बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन, काळ्या केसांसकट.

ती म्हणाली, "ओके टीचर." कोबी ताटलीत सारखा केला, हात धुतले आणि वही काढली.

मग मी तिला माझे आजोबा दिले. हे आजोबा माझे ठेवणीतले. सव्वीस वर्षं प्रत्येक वर्गाला निबंधासाठी मी हेच आजोबा दिले होते. कोकणातले पोस्टमास्तर, पांढरी टोपी. परसातल्या फणसाखाली बसून गावातल्या न शिकलेल्या बायकांना त्यांच्या मुलांची पत्रं वाचून दाखवायचे आणि कोणाचं गुपित कोणाला सांगायचे नाहीत. शाळेतल्या शेकडो पोरांचे ते आजोबा होते. त्यात मल्याळी आले, पंजाबी आले, एक सुदानी मुलगाही आला. सगळ्यांना दहापैकी आठ. मी फक्त टोपी काढून टाकली, चीनमध्ये घालत नसतील म्हणून. तेवढी अक्कल शाबूत होती.

नात पलीकडे होमवर्क करत होती. वर न बघता म्हणाली, "आजी, देअर आर नो जॅकफ्रूट्स इन स्नो."

"तो परीक्षक काय झाडं मोजायला बसलाय?" मी म्हटलं. "तू तुझं गणित कर."

मुलगा हसला. "आई, अगं, फणसाच्या जागी दुसरं काहीतरी टाक ना. सफरचंद टाक."

आता सांगायला लाज वाटते. मला फणस काढवला नाही. त्या वाक्याची लय फार छान जमली होती.

बाकीचे तीन भाग आदल्या आठवड्यात झाले होते. बोलण्याच्या परीक्षेच्या दिवशी मुलानं आम्हाला दुबईला सोडलं. हद्दीवरचा रोजचा खोळंबा. गाडीत ती मागच्या सीटवर डोळे मिटून पुटपुटत होती आणि मी पुढून प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य सुचवत होते. "यल्ला, आता पुरे, तिला श्वास घेऊ दे," मुलगा म्हणाला. मी कसली ऐकते!

ती आत गेली, मी खाली लॉबीत बसले. शेजारी एक केरळी बाई मुलीसाठी माळ ओढत होती. मी तिला ऐटीत सांगितलं, "माझी विद्यार्थिनी आहे. तयारी पूर्ण आहे."

वीस मिनिटांत ती खाली आली. चेहरा पाहून काही कळेना. टॅक्सीत बसल्यावर सांगायला लागली, फार हळू.

परीक्षक म्हातारा होता, चांगला होता. आधी गावाविषयी विचारलं. ते तिचं तिनं सांगितलं, नदी गोठते, ट्रक जातात. तो म्हणाला, वा! त्याला ऐकायला आवडत होतं. मग कार्ड दिलं. वडीलधारी व्यक्ती. एक मिनिट विचार करायला. तिला आनंद झाला, कारण ते पाठ होतं. तिनं एका दमात म्हटलं, एक शब्द चुकला नाही. फणसापाशी त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"मग?"

"मग त्यानं विचारलं, तुमच्या गावात फणस होतो?"

मी पर्सची चेन उघडली, लावली.

"मी म्हटलं, हो. मग त्यानं विचारलं, तुमचे आजोबा कोणतं पत्र वाचायचे, एखादं सांगा. मला माहीत नाही, टीचर. ते तुम्ही लिहिलं नव्हतं. मग मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. त्यानं हात वर केला. म्हणाला, थँक यू. त्यानंतर त्यानं सोपे सोपे प्रश्न विचारले, लहान मुलांना विचारतात तसे."

माझ्या तोंडातून काय आलं ते मला पक्कं आठवतं. मी म्हटलं, "तू घाबरलीस. घाबरायचं नसतं, हे मी किती वेळा सांगितलं होतं?"

निकाल फोनवर आला. ती आमच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. वाचन सात, लेखन सात, ऐकणं साडेसात. बोलणं साडेपाच. माझ्याकडे येण्याआधी सहा होते.

सूनबाईनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बसली नाही. माझ्यासमोर तशीच वाकली, लिफ्टमध्ये वाकली होती त्यापेक्षा जास्त.

"सॉरी टीचर," म्हणाली. "तुम्ही इतकी मेहनत केली. मी वाया घालवली."

त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माझं इंग्रजी उत्तम होतं, सगळे काळ येत होते, सगळे प्रयोग येत होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "इट्स ओके." म्हणजे मी तिला माफ केलं. सूनबाई माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि बरंच केलं.

इस्पितळानं जागा दुसरीला दिली. ईद झाली. दवाखान्याच्या काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली गेली. ती दुसरी नोकरी शोधत फिरली, पण महिनाभरात काय मिळणार? एका संध्याकाळी तिचा मुलीशी फोन चालला होता. आमचं दार उघडं होतं, आवाज येत होता. चिनी मला कळत नाही. पोरगी तिकडून काहीतरी विचारत होती, तेच तेच, आणि ही दर वेळी एकच छोटा शब्द म्हणत होती. शेवटी पोरीनं विचारायचं थांबवलं. फोन तसाच चालू होता. मी उठून दार लावून घेतलं.

नात आता एकोणीसची आहे. मध्ये एकदा विचारत होती, "तू तिला सांगितलंस का गं कधी?" हे तिनं मराठीत विचारलं. मी नाही म्हटलं. "का?" याला उत्तर नव्हतं. असतं तर मी तेही कोणाकडून तरी पाठ करून घेतलं असतं.

ती गेली त्या दिवशी दोन मोठ्या बॅगा आणि एक टीव्हीचा खोका, त्यात भांडीकुंडी, असं सामान लिफ्टपाशी होतं. गावी जाऊन काय करणार, मी विचारलं. इस्पितळात बघीन, म्हणाली. मुलगी? सासूच्या दारावर जाईन, म्हणाली, मग बघू उघडते का. मी बेसनाचे लाडू दिले. तिनं दोन्ही हातांनी घेतले. वॉचमननं बॅगा आत ढकलल्या, ती त्यांच्यामागे अंग चोरून उभी राहिली.

आणि मी काय बोलत होते? इंग्रजी सोडू नकोस, म्हणत होते. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचत जा. आरशासमोर उभी राहून वाच. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. लिफ्टचं दार बंद झालं तरी माझं सांगणं संपलं नव्हतं.