सहा इंचांची पायरी

हजेरीच्या यादीत तिचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच उपयोगी पडायचं. एरवी सगळे तिला टेपताई म्हणत. सकाळी गळ्यात अडकवलेली टेप ती निजतानाच काढायची. कपडे दुरुस्त करणाऱ्या परदेशातल्या त्या दुकानाच्या तळघरात चार मशिनं होती, एक वाफेची इस्त्री होती आणि भिंतीत अगदी वर, रस्त्याच्या पातळीला, एक आडवी खिडकी होती. खिडकीतून फक्त माणसांचे पाय दिसायचे. टेपताई त्या पायांकडे बघून सांगायची, "ही आत येणार. हिची डावी टाच पँटवर पडतेय." आणि दोन मिनिटांत ती बाई पँट आखूड करायला हजर!

दुकानात तिच्या भाषेचा एकच माणूस होता, कापड कापणारे मास्तर. वीस वर्षं परदेशात काढली तरी त्यांच्या जिभेवरची कात्री अजून आपल्याकडचीच होती. बाकीच्यांशी टेपताई मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आणि हातवाऱ्यांनी निभावून न्यायची.

तिचा एक नियम होता. गिऱ्हाईक महिन्यापूर्वीच येऊन गेलेलं असलं तरी ती पुन्हा माप घ्यायची. लोक घाईत असत. "अहो, मागच्याच मापाचं करा ना," म्हणत. ही ऐकायची नाही. "मागच्या महिन्यातली कंबर मागच्या महिन्यात राहिली," असं म्हणून टेप लावायची. हा नियम तिचा स्वतःचा नव्हता, अक्काचा होता.

अक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा टेपताई दीड वर्षाची होती आणि अक्का एकोणीस. अक्काला बघायला दोन-तीन ठिकाणची माणसं येऊन गेली. प्रत्येकाला ती एकच विचारायची, "धाकटी माझ्याबरोबर येईल, चालेल का?" कुणाला चालली नाही. मग अक्काने मशीन घेतलं, शाळेचे गणवेश शिवले, धाकटीला शिकवलं आणि मशीनवर बसवलं. पहिल्या दिवशी टेप हातात देताना म्हणाली होती, "जुन्या मापावर कात्री चालवायची नाही. कापड परत जोडता येत नाही."

टेपताई परदेशी निघाली तेव्हा अक्काने रडारड केली नाही. पिशवीत देवाची छोटी तसबीर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "एकदा मला बोलाव तिकडे. तू कुठे राहतेस, कशी राहतेस, ते मला डोळ्यांनी बघायचंय. मग मी मेले तरी चालेल."

"मरणाचं कशाला काढतेस?"

"बरं, नाही मरत. बोलाव पण."

तसं बोलावण्याची सोय होती. सख्ख्या नातलगाला वर्षभर राहायला आणता येत असे. अट एकच, स्वतःच्या नावाचा घराचा करार दाखवायचा आणि त्या घरात पाहुण्याला वेगळी खोली हवी. टेपताई राहत होती ती दोन परक्या बायकांबरोबर एका खोलीत, दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर. तिथे अक्काचा फोटोसुद्धा भिंतीला टेकवून ठेवावा लागे. म्हणून सहा वर्षं पैसे गाठीला बांधून झाल्यावर, तिला परवडेल असं भाड्याचं घर ती शोधायला लागली.

सुरुवात तिने माप घेऊनच केली. अक्का भाचीजवळ राहत होती, चुलत भावाच्या मुलीजवळ. अक्काचे गुडघे दुखत हे ठाऊक होतं, म्हणून टेपताईने भाचीला फोन केला.

"मोठ्या आत्याला उभं कर. पायाशी पुस्तकांचा गठ्ठा ठेव. एकेक पुस्तक वाढवत जा आणि ती न कण्हता किती उंचीवर पाय ठेवते ते मोज."

"आत्या, तू घर बघतेयस की सर्कस?" भाची हसली, पण तिने मोजलं. "सहा इंच. सातव्याला भिंत धरते."

टेपताईने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'अक्का, पायरी सहा इंच.' आणि खाली रेघ मारली.

मग दर रविवारी टेप घेऊन ती घरं पालथी घालायला लागली. दलाल खिडक्या दाखवायचा, ही दारातच उकिडवी बसून पायरी मोजायची. दलालाला वाटायचं, बाई बहुतेक सरकारी खात्याकडून आलीय. एक घर तळमजल्यावर होतं, पण भिंतीला ओल. अक्काला दमा होईल. एकाला ऊन छान होतं, पण मोरी अंगणापलीकडे. एकात सगळं होतं, पण भाडं ऐकून तिने दलालाला नमस्कारच केला.

सोमवारी मास्तर विचारायचे, "काय ताई, जमलं का? नाही? अहो, घर शोधताय की नवरदेव? पत्रिकेतले छत्तीस गुण घराला कुठून यायचे?"

"तुम्हाला काय, तुमच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"तुम्हाला घर नकोच. तुम्हाला देऊळ हवंय."

ती हसायची, पण मनातून खरंच तसंच होतं. जिने आपल्यासाठी घरादारावर पाणी सोडलं, तिला आणायचं तर असंतसं कसं आणायचं? संध्याकाळी तसबिरीसमोर हात जोडून ती म्हणायची, देवा, तिला साजेशी जागा दाखव. देवाने दाखवलीही होती, असं आज वाटतं. दाखवली आणि हिने ती मोजली.

आठव्या महिन्यात तिला ती जागा मिळाली. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या. लॉन्ड्रीवाली पिकल्या केसांची, जाड चष्म्याची बाई. तिलाही टेपताई आवडली, कारण आल्याआल्या हिने तिच्या कोटाचं लोंबणारं बटण उभ्याउभ्या शिवून दिलं होतं. भाडं बसण्यासारखं होतं. खाली यंत्रं चालत म्हणून वरची जमीन उबदार. पलंगाजवळची खिडकी बरोब्बर रस्त्यावर उघडत होती. दिवसभर माणसं बघत बसावं.

पण जिना होता. अकरा पायऱ्या. टेपताईने मोजल्या, एकेक आठ इंच.

"माझी आईसुद्धा इथेच राहायची," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "शेवटी शेवटी बसत बसत चढायची, बसत बसत उतरायची. एक पायरी, एक गप्पा. घेऊन तर या बहिणीला."

टेपताईच्या डोळ्यांसमोर आलं, ताठ मानेने चालणारी अक्का, जिने उभ्या जन्मात कुणापुढे पदर पसरला नाही, ती परक्या देशात जिन्यावर फरपटत जातेय. छे! तिने वहीत लिहिलं, 'पायरी आठ. नाही.' आणि तोंडाने म्हणाली, "कळवते."

लॉन्ड्रीवालीने महिनाभर खोल्या रिकाम्या ठेवल्या. चार वेळा विचारलं. मग एक जोडपं राहायला आलं.

फोनवर अक्का दर वेळी विचारायची, "मिळालं का गं?"

"एक होतं, पण तुला जमलं नसतं. जरा नीट बघतेय."

"मला काय लागतं? एक खाट आणि तू."

"तसं नाही अक्का. एकदाच येणार तू, मग जरा नीट नको?"

"बरं," अक्का म्हणायची.

हे 'बरं' दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत टेपताईने एकदाही पुन्हा विचारलं नाही की पाय आता किती उचलतो. रोज दहा परक्यांची मापं नव्याने घेणारी बाई, पण वहीचं पहिलं पान तसंच. विचारायची गरजच वाटली नाही. अक्का म्हणजे अक्का. ती कशी बदलेल?

आणि मग घर मिळालं. एका शांत गल्लीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, मोरी आत, भिंती कोरड्या, भाडं तिच्या पगाराला झेपणारं. दाराशी फक्त दोन पायऱ्या. टेपताईने गुडघे टेकून मोजल्या. साडेपाच. पुन्हा मोजल्या. साडेपाचच. दलालाच्या देखत तिने त्या पायरीला हात लावून नमस्कार केला. करारावर त्याच दिवशी सही झाली. दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मास्तर म्हणाले, "वाजवा रे, अखेर ठरलं!"

संध्याकाळी नव्या घराच्या दाराशी, किल्ली मुठीत धरून तिने फोन लावला. भाचीने उचलला.

"मिळालं गं! साडेपाच इंच! अक्काला दे फोन, कपडे भरायला लाग म्हणावं."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"अगं, ऐकतेयस ना?"

"आत्या..." भाचीने आवाज खाली आणला. "मोठ्या आत्याला आता खोलीचा उंबरासुद्धा ओलांडवत नाही. पावसाळ्यापासून ती खाटेवरच आहे. धरून खुर्चीत बसवतो, तेवढंच. डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास नाही."

"पावसाळ्यापासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, धाकटी किती हौसेने घर शोधतेय, तिचा विरस करू नकोस. मी तोवर बरी होईन. आणि आत्या, तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते गं. तू फक्त घराचंच सांगायचीस."

टेपताई त्या साडेपाच इंचाच्या पायरीवर बसली. फोनमध्ये खुडबुड झाली आणि अक्काचा आवाज आला. बारीक, पण तोच.

"झालं ना घर? छान झालं. सांग बघू कसं आहे."

"अक्का, तू मला का नाही..."

"आधी घर सांग. बाकीचं मग."

टेपताई दार उघडून, फोन कानाशी धरून आत फिरायला लागली. ही पुढची खोली. ही ओट्याची जागा. ही मोरी, आत आहे बघ. ही तुझी खोली, घरमालकाने खाटही ठेवलीय. अक्का "हं, हं" करत होती. मग म्हणाली, "खाटेवरून काय दिसतं?"

टेपताई अडखळली. तिने खिडकीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. खाटेवर पडून कुणी पाहिलं होतं? ती खाटेवर आडवी झाली. खिडकी फार वर होती. त्यातून समोरच्या घराची भिंत दिसत होती, पाइप दिसत होता आणि वर चार बोटं आभाळ.

"आभाळ दिसतं," ती म्हणाली.

"माणसं?"

"नाही गं. माणसं त्या लॉन्ड्रीच्या खोलीतून दिसायची."

"कुठली लॉन्ड्री?"

मग टेपताईने सगळं सांगितलं. उबदार जमीन, रस्त्यावरची खिडकी, अकरा पायऱ्या, बसत बसत चढणारी म्हातारी.  अक्का सगळं ऐकत होती.

"मग? मीही चढले असते की बसत बसत," ती म्हणाली. "तेव्हा जमलं असतं मला. अकरा काय, वीस चढले असते. तू विचारलंच नाहीस."

"तुला ते कमीपणाचं वाटेल असं मला वाटलं."

"तुझे लंगोट धुताना नाही वाटलं, आता कशाला वाटेल?" अक्का हसली, मग खोकली. "काय गं तू! मी तुला शिकवलं काय, आणि तू माझं जुनं माप घेऊन दोन वर्षं हिंडलीस?"

टेपताईला हसूही येईना आणि रडूही. अक्का म्हणाली, "आता तू ये."

"येते ना. वर्षाचा करार आहे तेवढा संपला की, इथलं सगळं जरा नीट लावलं की..."

आणि बोलता बोलता ती थांबली. स्वतःचाच आवाज तिच्या कानावर पडला होता.

"बरं," पलीकडून अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करायच्या आधी टेपताई मास्तरांच्या टेबलाशी उभी राहिली. "तुमची मेहुणी मुलाला घेऊन घर शोधतेय म्हणाला होतात ना? माझं घर देते. घरमालकाशी बोललेय मी, करार तिच्या नावावर करतो म्हणाला."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "आणि तुम्ही?"

"शनिवारी निघते."

"अहो, नोकरी? एवढ्या वर्षांची..."

"तिकडेही माणसं कपडे घालतात, मास्तर."

 मास्तरांनी मान हलवली आणि कात्री पुन्हा उचलली.

संध्याकाळी मेहुणी आली. दमलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मूल. दोन पायऱ्या कधी चढली तिलाही कळलं नसेल. पुढची खोली बघितली, मागची बघितली, नळ सोडून पाहिला.

"चालेल," ती म्हणाली.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टेपताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हा एवढासा शब्द दोन वर्षांत आपल्या तोंडून का निघाला नाही? तिने भिंतीवरची तसबीर उतरवून पदराने पुसली आणि किल्ली मेहुणीच्या हातावर ठेवली.

"इतकं चांगलं घर तुम्ही का सोडताय?" मेहुणीने विचारलं.

"मला बहिणीकडे जागा आहे."

"मोठी आहे?"

"नाही हो. तिच्या खाटेशेजारी असेल तेवढीच," टेपताई म्हणाली. "मोजली नाही अजून."