शाळा बंद करण्याचा आदेश दाखवा

महापालिकेकडे माहिती मागायची म्हणजे हात जोडून उभं राहायचं, असं आमच्या चाळीत बहुतेकांना वाटतं. मला ते कधीच पटलं नाही. कागद आपल्या पैशाचा, कपाट आपल्या पैशाचं, खुर्चीतल्या माणसाचा पगारही आपलाच. मग मागायला लाज कसली?

लाज नव्हतीच. पण मागायचं कसं, तेही कुणी शिकवलं नव्हतं. मी पत्रकं लिहून तयार झालेली. आमच्या संघटनेतल्या ताईंची शिकवण अशी की पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत तो करणारा आणि शेवटी हाक. मधे कुठे दम घ्यायचा नाही, वाचणाऱ्याच्या हातातला चहा गार झाला पाहिजे. त्या तालमीत मी इतकी मुरले होते की घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी ती निषेधाची वाटायची.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात, कामतघरात, बातमी फिरली की आमची पालिकेची मराठी शाळा पट कमी म्हणून बंद होणार आणि पोरांना हायवेपलीकडच्या शाळेत घालणार. बातमी कुणी आणली, विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. पण शाळेतूनच पालकांना सुचवलं जाऊ लागलं की दाखले आत्ताच काढून ठेवा, नंतर धावपळ नको. लोक घाबरून दाखले काढायला लागले. म्हणजे पट कमी म्हणून शाळा बंद, आणि शाळा बंद होणार म्हणून पट आणखी कमी. माझं तर डोकंच फिरलं.

शेजारच्या खोलीतल्या वहिनी राहनाळला गोदामात पॅकिंगला जातात, त्यांचे मालक, ज्यांना मी दादा म्हणते, यंत्रमागाच्या लूमवर. दोघंही मूळचे अंबाडीकडचे. त्यांची मुलगी सहावीत होती, वर्गात हुशार आणि घरात भांडखोर, म्हणून माझी लाडकी. दादांनी एका वाक्यात निकाल लावला होता. हायवे ओलांडायला लेकीला पाठवणार नाही, त्यापेक्षा दाखला काढून ती अंबाडीला आत्याकडे राहील, घरात मदत करील. शाळेचं तिथे बघू. ते ‘बघू’ म्हणजे काय, हे वहिनींना कळत होतं आणि पोरीलाही. ती दोन दिवस बापाशी बोलली नाही.

वहिनी मला म्हणाल्या, “तू त्या मोर्चाबिर्चात असतेस ना गो? मग बघ की कायतरी. सुट्टी लागायच्या आधी दाखला काढनार हाय ते.”

मी त्याच संध्याकाळी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. गोरगरिबांची शाळा का गिळता, हे षड्यंत्र कुणाचं, झोपलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार. नियमाप्रमाणे अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा असतो. तेवढ्यात तर माझी नुसती प्रस्तावना व्हायची. रडतखडत छाटला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, पालिकेत नेऊन दिला. आवक खिडकीवरच्या बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारत विचारलं, “हे तुम्ही भिंतीवर चिकटवणार होतात का?”

मी त्यांना कायदा ऐकवला. त्यांनी पोच दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

महिना संपता संपता उत्तर आलं. तुम्ही माहिती मागितलेली नाही, खुलासा मागितला आहे, आणि ‘का’ची उत्तरं द्यायला आम्ही बांधील नाही, अशा अर्थाचं. मी पेटले. चाळीच्या जिन्यात उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. पण वाचताना माझ्याच लक्षात आलं की चिडायची सोय त्यांनी ठेवलेलीच नाही. षड्यंत्राची फाइल कुठल्या कपाटात असते? मी मागितलेलं कुठल्याच कागदावर नव्हतं, तर ते देणार काय?

मग मी उलटा विचार केला. शाळा खरंच बंद होणार असेल तर कागद कुठला निघाला असेल? कुणीतरी प्रस्ताव मांडला असेल, कुणीतरी सही करून आदेश काढला असेल, तो शाळेला पोचला असेल. दुसरा अर्ज चार ओळींचा झाला. अमुक शाळा बंद करण्याचा किंवा दुसऱ्या शाळेत मिळवण्याचा प्रस्ताव, आदेश आणि त्याबाबतचा पत्रव्यवहार, या शैक्षणिक वर्षातला, साक्षांकित प्रती द्याव्यात. ना अन्याय, ना हाक. लिहून झाल्यावर मला अगदीच नागवं वाटलं. खिडकीवरच्या बाईंनी या वेळी नुसता शिक्का मारला.

वाट बघण्याचे ते दिवस वाईट गेले. दादांना मी रोज अडवायचे, अजून थोडं थांबा म्हणायचे. ते शिफ्टवरून आलेले असायचे, कानात लूमचा खडखडाट, माझं निम्मं ऐकू यायचं नाही. तरी थांबले.

परीक्षा तोंडावर आल्यावर पाकीट आलं. आत एकच पान. मागितलेल्या विषयाची माहिती या कार्यालयात निरंक आहे. खाली सही, शिक्का.

निरंक! आमच्या संघटनेत या शब्दाला शिवीचा दर्जा आहे. निरंक म्हणजे तोंडाला पानं पुसली, फाइल दडवली, लढा पुढे न्यायचा. मी वहिनींच्या ओट्यावर बसून तिथल्या तिथे पहिल्या अपिलाचा मसुदा सुरू केला. वहिनी भाकऱ्या करत होत्या. त्यांनी विचारलं, काय आलंय. मी म्हटलं, काही नाही आलं, तेच तर. आदेश नाही म्हणतात, प्रस्ताव नाही म्हणतात, काहीच नाही म्हणतात.

त्यांनी तवा उतरवला.

“म्हंजे शाला बंद करायचा कागदच न्हाय?”

“नाही म्हणे.”

“असं त्यांनी सही करून दिलंय?”

“हो.”

“मग आपली शाला बंद कोन करतंय?”

मी पेनाला टोपण लावलं. माझी छाती एकदम इतकी हलकी झाली की मला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, आधी ह्यांना उठवते.

दादा झोपेतून उठून आले. मी पान वाचून दाखवलं, मग त्यांनी ते हातात घेऊन शिक्का निरखला. पुढच्या वर्षी काढला आदेश तर, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं: काढू शकतात. पण काढला तर कागद असेल, कागद असेल तर तो मागता येईल आणि त्यावर भांडता येईल. अफवेवर कसं भांडणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या पानाची झेरॉक्स घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी ती दोनदा वाचली. वरून असं कानावर आलं होतं, म्हणाल्या. वरून म्हणजे कुणाकडून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी तोंड उघडणार होते, पण दादांनीच विचारलं, “मंग सातवीची पुस्तकं कदी मिलतील?”

जूनमध्ये, बाई म्हणाल्या. दादांनी मान हलवली आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघाले.