गोड पाण्याची विहीर

पोस्टिंग अकोल्याला, हे ऐकून मी खूश होतो. अमरावतीचं घर जवळ, सुटी टाकली की दुपारी आईच्या हातचं जेवण. पण सुटीआधी पूर्णेला पूर आला.

सकाळी सहाला ऑर्डर. माझं सॅपर सेक्शन, म्हणजे फौजेतल्या बांधकामवाल्या जवानांची तुकडी, नदीकाठच्या एका गावी. तो खारपाणपट्टा, कुठंही खणा, खारट पाणी लागतं. अख्ख्या गावात पिण्याजोगी विहीर एकच. कठडा गुडघाभर. पुराचं पाणी दुपारपर्यंत तिथवर येणार होतं. विहीर गेली की गाव तहानलं.

मी हुकूम दिला, शेजारच्या शेतातली माती पोत्यांत भरा, विहिरीभोवती रचा. नाईक संपत दर्यापूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. हळूच म्हणाला, "हवालदारसाहेब, काळी नका भरू. भिजली का वाहून जाते. गढीची पांढरी माती घ्या, आमी घराच्या धाब्यावर तेच टाकतो."

मी शहरातला. माझ्या लेखी माती ती माती. "ऑर्डर आहे, भर," म्हणालो. त्यानं पोती भरली.

अकरा वाजता पाणी पोत्यांना लागलं. तासाभरात काळा चिखल विणीतून गळू लागला अन् पोती बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संपत, चुकलो. गढी कुठंय?"

तो हसला नाही. भल्या माणसानं टोमणाही मारला नाही. सरळ पळत सुटला. गढीपासून विहिरीपर्यंत बायाबाप्यांची रांग लागली, पांढरीच्या टोपल्या हातोहात आल्या, आम्ही पोती नव्यानं भरून रचली. चारला पाणी तिसऱ्या थराला टेकलं अन् थांबलं. मी रेडिओवर कळवलं, "विहीर सलामत. ओव्हर."

निघताना संपतनं आपली वॉटर बॉटल त्या विहिरीवर भरली. मी विचारलं, काहून?

"माही माय जलमभर खारंच पिऊन राहिली."

पासष्टच्या लढाईत तो सीमेवर गेला, परत आला नाही. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही. सुटी मिळताच मी आधी त्या गावी उतरलो, माझी बॉटल भरली, मग त्याच्या घरी गेलो. मायनं दोन घोट घेतले.

"त्यानं आणलं व्हतं, तेच," म्हणाली. उरलेलं पाणी तांब्यात ओतलं अन् रिकामी बॉटल माझ्या हातात दिली. "पुढल्या सुटीत आणजो, बाबू."

ती होती तोवर दर सुटीत नेलं.